न फाटलेल्या पॅन्टची फिर्याद

रविवार कारंजाजवळच्या अल्टरेशनच्या एका दुकानात मी जीन्स घेऊन गेलो, तेव्हा ती फाटलेली नव्हती, आणि नेमका तोच माझा गुन्हा ठरला. मांड्यांच्या आतल्या बाजूस कापड घासून विरले होते. तेथे आतून सुती तुकडा लावून 16 नंबरच्या सुईने त्यावर जवळजवळ टिपा माराव्यात, एवढेच माझे मागणे होते. "फाटली की आणा," असे म्हणून कारागिराने ती परत सरकवली.

फॉल-पिकोची पैठणी मांडीवर घेऊन बाकावर बसलेल्या एका काकूंना हे प्रकरण आपल्या अखत्यारीतले वाटले असावे. माझी परवानगी न विचारता त्यांनी पॅन्ट उचलली, रस्त्याच्या उजेडाकडे धरली आणि विरलेल्या जागेतून समोरच्या रिक्षाचा नंबर वाचण्याचा प्रयत्न केला. पहिले दोन आकडे त्यांनी मोठ्याने वाचलेही.

"भाऊ, सायकल चालवता का?"

"नाही."

"मग फार चालणं होतं?"

"तसं नाही."

"मग मांड्याच," असा निकाल देऊन त्यांनी पॅन्ट शेजारच्या बाईंकडे पडताळणीसाठी सोपवली. "आमच्या ह्यांचंही असंच होतं, पण ते मान्य करतात. गहू बंद करा, ज्वारी खा. पॅन्ट आपोआप टिकेल."

अमेरिकेतल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याकडे एका लाकूडतोड्याची बायको नवऱ्यासाठी दणकट पॅन्ट मागायला गेली होती. त्याने तिला ज्वारी सुचवली नाही. जिथे ताण पडतो तिथे, खिशांच्या कोपऱ्यांवर, तांब्याच्या रिव्हेट ठोकल्या, आणि 1873 साली कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांच्या साथीने त्या युक्तीचे पेटंट मिळवले. फाटण्याआधी कापड पक्के करण्यावर तिकडे अख्खा धंदा उभा राहिला. इकडे मात्र, तेवढ्या वेळात ब्लाउज शिवून होतो, असे मला ऐकवण्यात आले. कारागिराचा हिशोब मला समजतो. पण मी पैसे किती होतील हेही विचारले नव्हते, घासाघीस तर दूरच.

अखेर काकूंनीच "दे रे मारून दोन टिपा" असा हुकूम सोडला आणि तो पाळला गेला. तुकडा बसला, परंतु त्याच्या कडा विरलेल्या भागातच संपल्या. त्या चांगल्या कापडापर्यंत गेल्या नाहीत, तर नवी फाट नेमकी त्या कडेलगत सुरू होते. मी हे सांगू लागताच काकू म्हणाल्या, "एवढं कळतं, तर घरी मशीन घ्या."

मशीन घरी आहे. आईची पायमशीन आहे, तिचा चामडी पट्टा तुटला आहे, आणि दुरुस्तीवाला नुसता पट्टा बदलायला तयार नाही. त्याला मोटर बसवायची आहे.