शेषाला काढलं, मग शंकर कशाला ठेवला?

सुन्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला, तेव्हाच शिरीषनं कपाळाला हात लावला. येत्या रविवारच्या कविसंमेलनात सुन्याला पाच मिनिटं मिळाली आहेत आणि विषय त्याचा त्यानंच घेतलाय, 'विज्ञान आणि विठ्ठल'. चाळीसगावात स्टेशन रोडच्या टपरीला लागून आमचा जो ओटा आहे, तिथं अशा गोष्टींची रंगीत तालीम होते. कविता छापून आणणं सोपं, इथून धड सोडवून नेणं अवघड.

"ऐका," म्हणून त्यानं सुरू केलं.

"बिग बँगच्याही आधी होता ओंकाराचा नाद,
हिग्ज बोसॉन म्हणजे माझ्या विठूचाच प्रसाद!"

टपरीवाल्यानं आतून "वा!" म्हटलं. त्याच्याकडे सुन्याची उधारी आहे, त्यामुळे ती दाद धरायची की नाही हा प्रश्नच आहे.

"नाद?" शिरीष वीज खात्यात इंजिनिअर आहे, त्याला राहवत नाही. "आवाजाला माध्यम लागतं सुन्या. हवा, पाणी, लोखंड, काहीतरी. पोकळीत कसला आलाय नाद?"

सुन्या गप्प बसणार, तेवढ्यात वैशालीचा भाचा तन्मय बोलला. तो एमएस्सी करतोय, फिजिक्समध्ये. "काका, नाद होता. आधी नव्हता, नंतर होता."

मग त्यानं समजावून सांगितलं. विश्व जन्मल्यानंतर पहिली साधारण ३,८०,००० वर्षं सगळीकडे तापलेला प्लाझ्मा, म्हणजे सुट्या विद्युतभारित कणांचा वायू, भरलेला होता, इतका दाट की प्रकाशालाही मोकळं धावता येत नव्हतं. गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढायचं, कोंडलेला प्रकाश बाहेर रेटायचा. या ओढाताणीत ज्या लहरी उठल्या त्या ध्वनीच्याच लहरी. पुढं विश्व निवलं, अणू बनले, प्रकाश सुटला. तोच प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळ्या दिशांनी येतो. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांना तो अँटेनातली नकोशी खरखर म्हणून ऐकू आला होता. त्याच्या तापमानात साधारण लाखात एक इतका बारीक चढउतार आहे, त्यातच त्या जुन्या लहरींच्या खुणा आहेत.

सुन्या ओट्यावरून उठलाच. "बघ! म्हणजे ॐ!"

"ॐ नाही काका. एकेक लहर लाखो प्रकाशवर्षं लांब होती. ऐकणार कोण?"

"ज्यानं केलं तो."

हे उत्तर मला तरी आवडलं. त्याच्या दोन्ही ओळींपेक्षा बरं होतं.

हिग्जचं प्रकरण लवकर आटोपलं. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत तो मूलकण सापडल्याचं जाहीर झालं आणि आपल्याकडच्या वाहिन्यांना देव सापडला. 'गॉड पार्टिकल' हे नाव एका पुस्तकाच्या शीर्षकातून रुळलेलं, खुद्द त्या क्षेत्रातल्या लोकांना ते फारसं आवडत नाही. वैशालीची तक्रार वेगळीच होती. ती ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. "विज्ञान चुकलंय ते जाऊ दे. 'प्रसाद' हा फक्त 'नाद'शी जुळतो म्हणून आलाय. विठ्ठलाला तू यमकासाठी विटेवरून उतरवलंस."

सुन्यानं मग मोबाइल काढला. त्याच्याकडे फॉरवर्ड तयार होता. "मी चुकलो असेन. माउली तर नाही ना चुकले? पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणारं कोपर्निकसचं पुस्तक १५४३ चं, ज्ञानेश्वरी १२९० ची. अडीचशे वर्षं आधी चौथ्या अध्यायात काय म्हणतात बघा:

उदोअस्ताचेनि प्रमाणें । जैसें न चालतां सूर्याचें चालणें ।
तैसें नैष्कर्म्यत्व जाणे । कर्मींचि असतां ॥

न चालतां सूर्याचें चालणें! सूर्य स्थिर आहे हे स्वच्छ सांगितलंय. आता बोल."

"दोन ओव्या वर जा," वैशाली म्हणाली. वर काय आहे हे तिला पाठ होतं. नावेत बसलेला माणूस थडीवरची झाडं वेगानं पळताना बघतो आणि खरं काय ते पाहू लागला की म्हणतो, झाडं तर जागच्या जागी आहेत. त्यानंतर सूर्य येतो. प्रकरण चाललंय ते गीतेतल्या कर्मात अकर्म पाहण्याचं. सगळं करत असूनही जो काही करत नाही, तो ओळखायचा कसा, एवढंच माउलींना सांगायचंय. "कोपर्निकसशी शर्यत लावायला ते बसले नव्हते नेवाशात."

नाव म्हटल्याबरोबर अण्णा सावरून बसले. अण्णांनी आयुष्यभर गणित शिकवलं. ओट्यावरच्या निम्म्या लोकांनी त्यांचा मार खाल्लाय. "ही नाव जुनी आहे रे. इसवी सन ४९९, आर्यभट, वय वर्षं तेवीस. तो म्हणतो, नावेतून पुढं जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू जशा मागं जाताना दिसतात, तसे स्थिर तारे लंकेत, म्हणजे विषुववृत्तावर, सरळ पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरते ती पृथ्वी. आणि तेही आर्येत, छंदात सांगितलंय."

मला वाटलं आता सुन्या आर्यभटाला थेट आळंदीला आणून सोडणार. वैशालीनं ती वाट आधीच बंद केली. नावेत बसलेल्या कुणालाही झाडं पळताना दिसतात, त्यासाठी आर्यभट वाचावा लागत नाही.

"पण मला एक सांग," सुन्या आता हट्टाला पेटला होता. "उपमा देतात ती माहीत असलेल्या गोष्टीची ना? सूर्य न चालता चालतो हे समोरच्याला ठाऊकच नसेल, तर त्या उपमेनं त्याला कळणार काय?"

मुद्दा बिनतोड होता. शिरीषसुद्धा अण्णांकडे बघायला लागला.

अण्णांनी चहा संपवला, मग म्हणाले, "आर्यभटाचं त्या वेळी कुणी ऐकलं नाही. वराहमिहिर म्हणाला, पृथ्वी फिरत असेल तर उडालेले पक्षी घरट्यात परत कसे येतात? ब्रह्मगुप्तानंही खोडून काढलं. पुढं सिद्धांतग्रंथांतली सर्वमान्य समजूत अशी की पृथ्वी स्थिर, आणि प्रवह नावाचा वारा सगळं नक्षत्रमंडळ दिवसातून एकदा फिरवतो. आता त्या हिशेबानं बघ. रोजचं उगवणं-मावळणं हे सूर्याचं स्वतःचं चालणं नाहीच. त्याला वाहून नेलं जातंय. न चालतां सूर्याचें चालणें! पृथ्वी जागची न हलताही ओवी बरोबर लागते."

"पण शेजारी नाव आहे," वैशाली पुटपुटली. "नावेचा कल दुसरीकडे जातो."

"जातो," अण्णा म्हणाले. यावर त्यांचं दोघांचं अजून मिटलेलं नाही. मला विचाराल तर ओवीची गंमत हीच आहे की ती दोन्ही आकाशांखाली उभी राहते. फॉरवर्डवाल्यांना मात्र तिच्याकडून फक्त एक दाखला हवा असतो, तलाठ्याकडून आणतात तसला.

मग विषय घरावर आला. आमच्यापासून जवळच पाटणादेवी. तिथं भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचा 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रहगणिताचा ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख बाराशे सहा-सातच्या सुमाराचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. वरचा भाग संस्कृत श्लोकांत, घराण्याची आणि राजांची स्तुती. खाली एकदम मराठी सुरू होते: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातलं मठाला काय द्यायचं, दर घाण्यामागे पळीभर तेल. आम्ही शाळेतून तिथं सहलीला गेलो ते माकडं बघायला. बाजारच्या तेलावर ग्रहगणिताची शाळा चालत होती, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

"सुन्या, तुला कविता पाहिजे ना विज्ञान आणि देव एकत्र असलेली?" अण्णा म्हणाले. "चांगदेवाच्या आजोबांची, भास्कराचार्यांची घे. ११५० साल, वय छत्तीस. शालिनी वृत्त."

श्लोकाचा आशय त्यांनी सावकाश सांगितला. पृथ्वीला धरणारा कुणी मूर्त आधार आहे म्हणता? मग त्याला धरणारा दुसरा लागेल, त्याला तिसरा, आणि याला अंत नाही, अनवस्था होईल. शेवटी कुठंतरी तुम्ही म्हणणार की हा स्वतःच्या शक्तीनं उभा आहे. जे शेवटच्याला द्यायचं ते पहिल्यालाच का देत नाही? पृथ्वी स्वतःच का नाही उभी? आणि शेवटच्या चरणात: तीही अष्टमूर्ती, म्हणजे आठ रूपांतल्या, शंकराची एक मूर्तीच आहे ना?

आणि पुढं विचारतात, "समे समन्तात् क्व पतत्वियं खे". चहूबाजूंनी सारखंच आकाश, त्यात ही पडणार कुठं?

काही क्षण फक्त टपरीवरचा स्टोव्ह बोलत होता. मग शिरीष म्हणाला, "शेष, कासव, आठ दिशांचे हत्ती, पृथ्वी धरणारे सगळे काढून टाकले. झकास. मग शेवटी शंकर कशाला ठेवला? एक देव काढून दुसरा बसवला, फरक काय?"

माझ्या मते सगळ्या संध्याकाळीतला खरा प्रश्न हा. अण्णांचं उत्तर गणिताच्या मास्तरचं होतं: शेष पृथ्वी धरून होता, शंकर काही धरून नाही. शेष काढला तर पुराणातली पृथ्वी पडते. शेवटचा चरण खोडला तर भास्कराचार्यांची पृथ्वी आहे तिथंच राहते.

"तेच म्हणतोय मी! पडत नाही, तर मग ओळ ठेवायची कशाला?"

"कारण तो मानत होता," वैशाली म्हणाली. "'लीलावती'ची सुरुवात गणपतीनं आहे. गणपतीच्या नमनानंतर जी गणितं आहेत, त्यात गणपती एकही हातचा देत नाही. तरी नमन आहेच. तुला ओळीचं काम दिसत नाही म्हणून ती बिनकामाची, असं नाही."

"इंजिनिअरिंगमध्ये असंच असतं."

"म्हणून इंजिनिअरिंगमध्ये शालिनी नसते."

मी वैशालीच्या बाजूचा, पण अर्धाच. शिरीषला जी भीती वाटते ती खरी आहे. बिनवजनाची म्हणून ठेवलेली ओळ पुढच्या पिढीत वजन घेऊ लागते, आणि मग कुणीतरी म्हणतं की पृथ्वी उभी आहे ती त्या ओळीमुळेच. भास्कराचार्यांच्या हातात ती ओळ सुरक्षित होती, कारण आदल्या तीन चरणांत त्यांनी घाम गाळला होता. सुन्यानं थेट चौथा चरणच लिहिलाय.

हे मी बोललो तर सुन्या रुसला. अण्णांनी त्याची समजूत काढायला आणखी एक श्लोक काढला, 'बीजगणिता'तला. शून्यानं भागलेल्या राशीला तिथं खहर म्हणतात. तीन भागिले शून्य. या राशीत कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही. जसा प्रलयात आणि सृष्टीच्या वेळी असंख्य भूतगण आत शिरले, बाहेर पडले तरी अनंत अच्युतात काही फरक पडत नाही.

"पूर्णमदः पूर्णमिदं," सुन्यानं लगेच उपनिषदाची जोड दिली.

"आज वर्गात शून्यानं भागलं तर मास्तर कान पिळतात," शिरीष.

"मीच पिळायचो," अण्णा हसले. "तीन भागिले शून्य अनंत, पाच भागिले शून्यही अनंत म्हटलं की उलट गुणून तीन बरोबर पाच होतात. म्हणून आज ती क्रिया आपण करतच नाही. गणित म्हणून तो श्लोक जसाच्या तसा घेता येत नाही."

तन्मयनं मध्येच आठवण करून दिली की अनंतातून थोडं काढलं तरी ते तेवढंच राहतं, ही अर्धी गोष्ट एकोणिसाव्या शतकात कँटर या जर्मन गणितज्ञानं संचांच्या गणितात रीतसर बसवली. आणि कँटरही भाविक, अनंताबद्दल कॅथलिक धर्मपंडितांना पत्रं लिहिणारा.

"म्हणजे देव सिद्ध झाला की नाही?" सुन्या.

"उलटं आहे रे," अण्णा म्हणाले. "भास्कराचार्य खहरावरून अच्युत पटवत नाहीत. समोरच्या पोराला अच्युत घरबसल्या माहीत आहे, खहर माहीत नाही. म्हणून अच्युत दाखवून खहर शिकवतात. तू काय केलंस? ऐकणाऱ्याला हिग्ज माहीत नाही, तुलाही नाही. आणि विठ्ठल म्हणजे हिग्ज असं म्हटल्यानं विठ्ठलही जास्त कळत नाही."

सुन्यानं कागदावर काट मारली. मग बराच वेळ खालमानेनं लिहीत होता. शेवटी वाचून दाखवलं:

"तिकडे लहरी उठत होत्या, कान कुणाला नव्हता,
विठू, तेव्हा कमरेवर हात ठेवून तू ऐकत होतास का?"

"पहिल्यापेक्षा हजार पटीनं बरी," वैशाली म्हणाली. "यमक गेलं, बरं झालं."

"यात पुरावा काय?" शिरीषनं विचारलं.

"प्रश्नाला कसला पुरावा?"

"मग संमेलनात मी उठून विचारणार. सगळ्यांसमोर. कमरेवर हात ठेवून ऐकायला तेव्हा कंबर कुठून आली होती, म्हणून."

"ये की," सुन्या कागदाची घडी घालत म्हणाला. "फक्त प्रश्न शालिनीत विचार."