माथेरानच्या एकदिवसीय सहलीबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

नोव्हेंबरातल्या रविवारी आपण आमच्या सहलीत नेरळहून माथेरानला आलात. पैसे भरूनही मिनी ट्रेनचं (डोंगर चढणाऱ्या छोट्या गाडीचं) तिकीट पक्कं नव्हतं, प्रथम वर्ग सांगून द्वितीय वर्गात बसवलं, 21 किलोमीटरला पावणेतीन तास लागले आणि परतताना गाडीऐवजी टॅक्सी दिली, असं आपण लिहिलंत आणि एक तारा दिलात.

तिकिटाच्या बाबतीत चूक पूर्णपणे आमची आहे. जाहिरातीत आम्ही नुसतं ‘मिनी ट्रेनसह’ लिहिलं होतं. प्रत्यक्षात नेरळ–माथेरान गाडीचं आगाऊ आरक्षण होत नाही, ऑनलाइनही नाही. नेरळच्या खिडकीवर गाडी सुटायच्या साधारण पाऊण तास आधी तिकिटं मिळू लागतात. डबे मोजके, त्यामुळे रविवारी ती बघता बघता संपतात. प्रथम वर्गाच्या जागा तर फारच थोड्या. हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. आता बुकिंगच्या पहिल्या मेसेजातच ते लिहिलेलं असतं. दोन वर्गांच्या भाड्यातला फरक आपण ज्या खात्यातून पैसे भरलेत तिथे परत पाठवला आहे.

वेगाबद्दल मात्र आपलं म्हणणं मान्य करता येत नाही. इथे रुळांमधलं अंतर फक्त 2 फूट आहे. काही ठिकाणी 20 मीटर पुढे जाताना 1 मीटर चढावं लागतं, आणि वाटेत दोनशेहून जास्त वळणं आहेत. वाटेतल्या जुम्मापट्टी स्टेशनच्या वर डोंगर असा आडवा येतो की गाडी थांबवून उलटी चढवावी लागली असती. ते टाळायला घोड्याच्या नालेसारखं मोठं वळण भरावावर बांधलं. तिथे रूळ मैलभर उत्तरेला जातो, वळून परत येतो आणि या मार्गावरच्या एकुलत्या एका बोगद्यातून वॉटर पाइप स्टेशनला पोचतो. मुंबईच्या पीरभॉय या व्यापारी कुटुंबाने 1904 ते 1907 या काळात हा मार्ग बांधला. मे 2016 मध्ये डबे घसरल्यावर गाडी बंद ठेवावी लागली होती. 2019 च्या पावसात मार्गाचं इतकं नुकसान झालं की नेरळहून ती पुन्हा सुटली ती थेट 22 ऑक्टोबर 2022 ला. ती हळू चालते म्हणूनच या घाटातून सुखरूप वर जाते. ‘दरीच्या बाजूची खिडकी मिळाली नाही’ असंही आपण लिहिलंय. रूळ उलटसुलट वळत असल्याने दरी कधी डावीकडे येते, कधी उजवीकडे. कुठेही बसा, दोन्ही बाजू वाट्याला येतात. फक्त खिडकीत खाण्याची पिशवी धरू नका, माकडं हिसकावतात.

परतीची टॅक्सी आम्ही विचार करूनच ठेवतो. दोन्ही वेळा गाडीने गेलं तर पाच तासांहून जास्त वेळ डब्यातच जातो, आणि एका दिवसात माथेरानला उरतं काय? परतीचं तिकीटही नेरळला मिळत नाही, माथेरान स्टेशनवर पुन्हा रांग लावावी लागते. जाताना गाडी आणि येताना दस्तुरी नाक्यावरून टॅक्सी घेतली, तर नेरळ अर्ध्या तासात येतं. शार्लोट लेक, इको पॉइंट, लुईझा पॉइंट हे सगळं निवांत पायी होतं. टॅक्सी दस्तुरीच्या पुढे येत नाही, कारण गावात मोटारींना बंदी आहे. तिथवर माथेरान ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) धावणाऱ्या शटल गाडीने किंवा लाल मातीच्या वाटेने पाऊण तास चालत यावं लागतं. हे चालणं आम्ही आधी सांगितलं नव्हतं. सोबत आजी होत्या, त्यांना त्रास झाला, याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं. ज्येष्ठ असतील तर आता शटलच्या वेळा पाहूनच टॅक्सी ठरवतो.

पुन्हा यायचं झालं तर मधला वार निवडा आणि पहिल्या गाडीच्या तासभर आधी नेरळच्या खिडकीवर या. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, तेव्हा वरची शटलच चालते. त्या महिन्यांत आम्ही ‘मिनी ट्रेन सहल’ म्हणून बुकिंग घेत नाही.