आजीच्या भरवशावर

दिवाळी सरली की बालाघाटच्या डोंगरातील आमच्या तालुक्याच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मागे उरतात ती बहुतेक म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. गेल्या आठवड्यात बसस्थानकासमोरच्या कट्ट्यावर आमची जी चर्चा पेटली, ती अशाच एका घरावरून. आईवडील सांगलीकडे फडावर आहेत आणि घरात दहावीतली मुलगी व तिची सत्तरीला टेकलेली आजी अशा दोघीच राहतात. ही मुलगी पूर्वपरीक्षेच्या दोन पेपरांना आली नाही, एवढेच मी बोललो होतो. मी तिला गणित शिकवतो.

आमच्यातले अण्णा पूर्वी मुकादम, म्हणजे तोडणीसाठी मजुरांच्या टोळ्या जमवणारे, होते. ते म्हणाले, “गुरुजी, बापाने तिला म्हातारीजवळ ठेवली हेच मोठे समजा. फडात नेली असती तर शाळेचे नावच उरले नसते.” यात खोटे काही नाही. ज्याने फडाजवळच्या कोपीवरचे, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतले, दिवस पाहिले आहेत, त्याला ठाऊक आहे की आईबाप पहाटे अंधारात फडात उतरतात, रात्री-अपरात्री गाडी भरायला पुन्हा उठतात, आणि अशा वेळी बरोबर आलेल्या मोठ्या मुलीकडे स्वयंपाक, पाणी व धाकटी भावंडे आपोआप येतात.

परंतु आमचे निवृत्त कंडक्टर मित्र याच मुलीच्या गल्लीत राहतात आणि त्यांना हे पटले नाही. “आजी नातीला सांभाळते असे आपण सगळे म्हणतो, अण्णा, पण त्या घरात कोण कोणाला सांभाळते ते एकदा येऊन बघा,” असे म्हणून त्यांनी त्या मुलीचा दिवस सांगितला. पहाटे पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, आजीला दवाखान्यात न्यायचे, आणि रेशन सुटले की शाळा बुडवून दुकानासमोर रांगेत उभे राहायचे, कारण आजीच्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही. या बाईने १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर, आज नात आहे त्याच वयाची असताना, खडी फोडली आणि नंतरचे सारे आयुष्य खुरपे व कोयता धरला. बोटांवरच्या रेषा राहतील कशा? शिधापत्रिकेवर नाव असलेल्या दुसऱ्या कोणाचाही अंगठा चालतो, पण सध्या गावात असलेले दुसरे नाव त्या मुलीचेच आहे. पूर्वपरीक्षेच्या दोन दिवसांत आजी तापाने फणफणली होती, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. वर्गात मी तिला कारण विचारले तेव्हा ती नुसती खाली मान घालून उभी राहिली होती.

किराणा दुकानदार मित्राचे म्हणणे असे की सोयी आहेत, लोकच त्या घेत नाहीत. आजीला श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये मिळतात, मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि २०२१ साली तर ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. मी त्यांना एवढेच दाखवून दिले की शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंतचा आहे, शाळेतली खिचडी आठवीपर्यंत मिळते, आणि आईवडील गेल्यावर मुले गावात टिकावीत म्हणून निघालेली हंगामी वसतिगृहेही त्याच इयत्तांसाठी आहेत. ज्या वयात मुलीच्या अंगावर घराचा भार पडतो, त्याच वयात हा सगळा हात काढून घेतला जातो, याचा मला मनापासून राग येतो. राहिले शासकीय वसतिगृह. तिथे ही मुलगी गेली तर रात्री आजीला पाण्याचा तांब्या कोण देणार, याचे उत्तर योजनेत नाही आणि आमच्याकडेही नव्हते.

मग अण्णांनी थोडे थांबून सांगितले की बाप स्थळ पाहतो आहे. तरणी पोर म्हातारीच्या भरवशावर किती दिवस ठेवायची, ही भीती त्याला फडात झोपू देत नाही. मी या बापाला निर्दयी म्हणणार नाही. पण २००६च्या कायद्याने अठरा वर्षांच्या आत लग्न करता येत नाही, हे त्यालाही माहीत आहे. शिवाय लग्न झाले की नवराबायकोचा एक पूर्ण कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, होतो आणि मुकादम त्या जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, म्हणजे ज्या फडापासून दूर राहावी म्हणून तिला आजीजवळ ठेवली, त्याच फडात ती पुढच्या हंगामात मोळ्या बांधत असेल. अण्णा म्हणाले, “मीही अशा जोड्यांना उचल दिली आहे. वय कधी विचारले नाही.” त्यांचा आवाज इतका उतरला होता की कंडक्टर, जे एरवी त्यांना सोडत नाहीत, तेही काही बोलले नाहीत.

परीक्षेपर्यंत करता येण्यासारखे जे होते, ते तिथेच ठरले. कंडक्टरांच्या घरून रोज संध्याकाळी दोघींचा डबा जाईल आणि त्यांच्या पत्नी रात्री आजीजवळ झोपतील. रेशन सुट्टीच्या दिवशी देण्याविषयी दुकानदार मित्र रेशनवाल्याशी बोलतील. बुडालेल्या दोन्ही पेपरांची तयारी मी करून घेईन. स्थळाविषयी बोलायचे अण्णांनी स्वतःकडे घेतले आणि कट्ट्यावरूनच बापाला फोन लावला. गाडी भरणे चालू होते; मागून माणसांच्या हाका ऐकू येत होत्या. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी येऊन बोलू, तोवर कोणाला शब्द देत नाही, असे तो म्हणाला. मग त्याने आईच्या गुडघ्याचे विचारले आणि मुलीचे पेपर कसे गेले, तेही विचारले. ते बुडाल्याचे तिने त्याला सांगितलेच नव्हते.