गिअर ऑइल घरीच बदला, शक्यतो विहिरीच्या काठावर

ट्रॅक्टरचं गिअर ऑइल बदलायला सर्व्हिस सेंटरला जाणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. तिथं आधी जॉब कार्ड करतात, मग बसा म्हणतात, मग सकाळचा नंबर दुपारी लागतो आणि बिलात 'कन्झ्युमेबल्स' नावाची एक ओळ असते जिचा अर्थ विचारायचा नसतो. छाटणी झाल्यावर द्राक्षवाल्यानं मिनी ट्रॅक्टर दिवसभर बाहेर ठेवायचा कसा? डाऊनी, म्हणजे द्राक्षावरची बुरशी, काय तुमच्या जॉब कार्डाची वाट बघत थांबणार आहे? तेव्हा घरीच बदला. फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर म्हणजे तरी काय, खालचे नट सोडायचे, जुनं काढायचं, वरून नवं ओतायचं. पुतण्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतोच.

पुढचं सगळं ज्ञान मी डोळ्यांनी पाहून मिळवलेलं आहे. गुरुजी आमच्या बांधापलीकडचेच. नाव सांगत नाही, भाऊबंद आहेत.

ट्रॅक्टर उतारावर लावा आणि चाकाखाली दगड घालू नका. खाली पुतण्याच शिरणार आहे.

ऑइल थंडगार असतानाच काढायला घ्या. गरम ऑइल पातळ होऊन भराभर उतरतं आणि तळाचा गाळ, लोखंडाचा कीस सोबत घेऊन जातं. आपल्याला तो कीस आतच हवा आहे. एवढं कर्ज काढून घेतलेल्या ट्रॅक्टरचं लोखंड ते, फुकट का घालवायचं?

नट सोडायला बरोबर मापाचा रिंग पाना शोधत बसू नका. पाइप पाना आहे ना घरात? तो लावा, वर लोखंडी पाइप घाला, दोघं मिळून लटका. नटाच्या कडा गोल झाल्या की छन्नी-हातोडा असतोच. बसवताना जुनाच तांब्याचा वॉशर वापरा, झिरपलं तर वरून एम-सील. हाऊसिंग बिडाचं आहे, ते काही बोलत नाही, एकदम तडकतं.

नटाच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्याला काय चिकटलंय ते बघू नका. बारीक राखाडी मळी असली तर ते रोजचं झिजणं. नखाएवढा तुकडा असला तर गिअरचा दात. आज कळून झोप उडण्यापेक्षा ऐन फवारणीत, टाकी भरलेली आणि आभाळ आलेलं असताना, आवाजावरून कळलेलं बरं.

पुढच्या एक्सलला वेगळं ऑइल असतं, हे विसरून जा.

आठवलंच, तर आधी त्याचा खालचा ड्रेन नट सोडा. वरचा भरायचा नट निघतो की गंजून बसलाय, हे सगळं ऑइल वाहून गेल्यावर तपासायचं असतं.

कोणतं ऑइल भरायचं हे दुकानदाराला विचारा. 'नव्वदचं द्या' म्हणा, म्हणजे नव्वद नंबरच्या जाडीचं. नव्वदचं संपलं असलं तर तो एकशे चाळीसचं देईल आणि 'हे त्याच्यापेक्षा भारी' म्हणेल. मॅन्युअलमध्ये ट्रान्समिशनला आणि हायड्रॉलिकला मिळून चालणारं एकच ऑइल सांगितलेलं असतं, पण मॅन्युअल खतांच्या पावत्यांखाली कुठंतरी आहे. त्या एकाच ऑइलात गिअर फिरतात, त्याच्याच दाबावर मागची लिफ्ट उचलते आणि ऑइल इमर्स्ड ब्रेक असतील तर ब्रेकच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. म्हणून ते मुद्दाम वेगळं बनवतात: गिअरला वंगण मिळालं पाहिजे, आणि प्लेटा घसरताही कामा नयेत, किंचाळताही कामा नयेत. साधं नव्वदचं ओतलं की ब्रेक दाबल्यावर असा आवाज येतो की पलीकडच्या बागेतल्या बाया काम थांबवून बघतात. थंडीत सकाळी लिफ्ट उठायला कुरकुरते. पण बादलीमागं पैसे वाचले की नाही? नव्वदचं ऑइल इंजिनाच्या चाळीसच्या दुप्पट जाड असतं, हा समजही पक्का ठेवा. दोन्हींच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत आणि गिअरचं नव्वद इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच भरतं, असं मेकॅनिकला सांगू नका, तो हसेल. डब्यावर 'जीएल-४' आणि 'जीएल-५' असे गिअर ऑइलचे दर्जे दिसले तर पाचच घ्या. पाच चारापेक्षा मोठे असतात. गिअर अलगद जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगांना ते मानवेलच असं नाही. पण त्या आत असतात, दिसत नाहीत.

फिल्टर जाळीचा असला तर धुवायचा असतो, कागदाचा असला तर बदलायचा असतो. तुम्ही दोन्ही डिझेलमध्ये बुचकळा.

लेव्हल बघताना लिफ्ट वर उचललेली ठेवा. थोडं ऑइल लिफ्टच्या सिलिंडरात अडकलेलं असतं, म्हणून डिपस्टिकवर कमी दिसतं, म्हणून आणखी ओतता येतं, म्हणून लिफ्ट खाली आली की जास्तीचं ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, बाहेर येतं.

पावसाळ्यानंतर ऑइल पांढरं पडलेलं निघालं तर आत पाणी शिरलंय. घाबरू नका. ब्रीदर चिखलानं बुजलाय का, एखादं सील गेलंय का, ट्रॅक्टर धुताना फवारणीच्या एचटीपी पंपाची गन थेट सीलवर धरली होती का, असले प्रश्न घरात काढू नका. नवं भरा. तेही पांढरं होईल.

रिकामी बादली झाकणासकट, लेबलासकट भंगारवाल्याला विका. पुढच्या वेळी तीच बादली, बनावट ऑइल भरलेली, दुकानातून परत विकत घ्यायची आहे.

आता सगळ्यात सोपं काम: जुन्या ऑइलाची विल्हेवाट. मिनी ट्रॅक्टरमधूनसुद्धा बादलीभर सहज निघतं, मोठ्यातून ४०-५० लिटर. यासाठी जागा विहिरीच्या काठाची निवडावी. तिथं कोबा असतो, चिंचेची सावली असते, मोटरीच्या खोलीवर बल्ब असतो, हात धुवायला पाणी असतं. विहीर सामाईक असली तर सोन्याहून पिवळं. सातबाऱ्यावर हिस्सा आहे, पाळी आपली आहे. आपल्या पाळीत आपण कोब्यावर काय सांडावं हे विचारणारा दुसरा हिस्सेदार कोण? खाली टब ठेवायची गरज नाही. ऑइल आपली वाट आपण काढतं, आणि कोब्याला उतार कुठल्या बाजूला दिलाय हे गवंड्याला विचारायची वेळ तेव्हाच येते. राहिलेलं परतीचा पाऊस धुऊन नेतो. त्याची मजुरीही नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या विहिरीवर हा सोहळा झाला. रात्री ऑइल बदललं, पहाटे पाऊस पडला, सकाळी माझी पाळी होती. पाण्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत रंगीत तवंग, पायऱ्यांना काळा ओघळ, आणि कपारीत एम-सीलचं पाकीट. गुरुजींना विचारायला गेलो तर उत्तर तयार: "अण्णा, तेलच आहे, विष थोडंच आहे? वर तरंगतंय. मोटर तर तळाला आहे!"

शास्त्र बरोबर आहे. तेल वर, मोटर खाली. फक्त एप्रिल-मेमध्ये पाणी मोटरीपर्यंत उतरतं, तेव्हा वरचं खाली येतं. पण तो पुढच्या उन्हाळ्याचा विषय. मग ते सँड फिल्टरच्या वाळूला बसेल, ठिबकच्या नळीत जाईल, ड्रिपरच्या बारीक वाटेत धुळीला धरून बसेल आणि आपण ॲसिड ट्रीटमेंट देत राहू. देऊ की. ॲसिडानं क्षार विरघळतात, ऑइल विरघळत नाही, एवढंच. गुरं हौदावर पितात, ती बोलत नाहीत. घरात प्यायला जारचं पाणी येतं, मग आपल्याला काय?

अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था सांगते की गाडीच्या एका ऑइल बदलातलं जुनं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. दहा लाख गॅलन म्हणजे जवळपास ३८ लाख लिटर. आमच्या विहिरीत भर पावसाळ्यातही एवढं पाणी नसतं, म्हणजे तो इशारा आम्हाला लागू नाही.

विहीर जवळ नसेल तरी काळ्या ऑइलला आपल्याकडे काम आहे. गोठ्याच्या वाशांना वाळवीसाठी फासा. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावा. गोचीड झाले म्हणून म्हशीच्या अंगाला चोळा, आणि ती अंग चाटून बसली की जनावरांच्या डॉक्टरला रात्री अकराला फोन करा. उरलं तर ओढ्याचा पूल आहेच.

हे वाचून निम्मे जण म्हणतील, आम्ही नाही बुवा असलं करत. मग पुलाखालची काळी डबकी कुणाची? पिठाच्या गिरणीमागची? शेततळ्याच्या कडेला जो पट्टा दोन वर्षं उगवत नाही, तिथं काय मी ओतलं?

अरे, काय चाललंय काय? शेताला पाणी नाही म्हणून दरवर्षी बोअर मारता, टँकरला पैसे मोजता, पाळीच्या एका तासावरून सख्ख्या भावाची कॉलर धरता, आणि आहे त्या पाण्यात ऑइल सोडता? नवं ऑइल ज्या बादलीतून आलं ती २० लिटरची बादली तुमच्या पायाशी पडलेली असते. जुनं तिच्यात धरायला कितीसे कष्ट आहेत? झाकण दाबायचं आणि तालुक्याच्या गॅरेजवर न्यायचं. तिथं ते पिंपात साठवतात आणि घेणारा पैसे देऊन उचलतो, कारण ते शुद्ध करून परत वापरता येतं. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्याच्या यादीत आहे. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला लावायची जबाबदारीही टाकली आहे. कंपनी, सरकार सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या असतील तर एकदा बादली उचला.

घरी ऑइल बदलू नका असं मी म्हणत नाही. जरूर बदला, पैसे वाचतात, कामही चांगलं होतं. ट्रॅक्टर सपाट जागी लावा, थोडा चालवून गरम करा, वरचा नट आधी सोडून बघा, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच ऑइल भरा, नवा वॉशर टाका, लिफ्ट खाली घेऊन लेव्हल बघा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण विहिरीपासून लांब. तेलच आहे म्हणणाऱ्यानं ते पाणी तांब्याभर माझ्यासमोर पिऊन दाखवावं, मग मी गप्प बसतो.

आणि आमच्या कोब्यावर जे सांडलंय ते अजून तिथंच आहे. गुरुजी, येत्या रविवारी येऊन काढा. पावडर टाकून पाण्यानं धुवायचं नाही, ते परत विहिरीतच जाईल. आधी लाकडाचा भुसा पसरायचा, तेल शोषलं गेलं की तो पोत्यात भरून न्यायचा, ओढ्यात फेकायचा नाही. भुसा मी आणून ठेवलाय. खराटा तुमचा आणा.