‘इंग्रजीत एक शब्द, एक अर्थ’ म्हणे! मग स्ट्रेंग्थ आणि प्रेशरचं काय करायचं?

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपवर आला. सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या, आणि कहर म्हणजे आमच्या तंत्रनिकेतनातल्या शिक्षकांच्या. खाली कोणाचं नाव नाही, नाहीतर सरळ फोनच केला असता. मजकूर थोडक्यात असा: इंग्रजी ही नेमकी भाषा. तिथे स्ट्रेंग्थ म्हणजे स्ट्रेंग्थ आणि प्रेशर म्हणजे प्रेशर. एक शब्द, एक अर्थ. त्यातून प्रेशर हा तर जन्मानेच विज्ञानाचा शब्द. मराठीत मात्र बळ, जोर, ताकद, शक्ती, दम, दाब, दबाव, दडपण अशी नुसती खिचडी. त्यामुळे मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या मुलांचा गोंधळ उडतो आणि इंग्रजीतून शिकणाऱ्यांच्या संकल्पना पहिल्या दिवसापासून स्वच्छ राहतात. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

मी सिव्हिल डिप्लोमाच्या मुलांना शिकवतो. स्ट्रेंग्थ हा माझ्या पोटापाण्याचा शब्द आहे. तेव्हा नमस्कार स्वीकारून मुद्दे एकेक घेतो.

‘स्ट्रेंग्थ म्हणजे स्ट्रेंग्थ’

सिमेंटच्या पोत्यावर 53 ग्रेड लिहिलेलं असतं. ती स्ट्रेंग्थ. पॅरासिटामॉलच्या पट्टीवर 500 किंवा 650 मिलिग्रॅम असतं. तीही स्ट्रेंग्थ. (आपण काउंटरवर ‘किती पॉवरची देऊ?’ हे ऐकतो, ते आणखी तिसरंच.) वर्गात किती मुलं आहेत, तर ‘क्लासची स्ट्रेंग्थ’ साठ. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाची मंजूर ‘स्ट्रेंग्थ’ सरन्यायाधीशांसह 34 झाली, म्हणजे न्यायमूर्तींनी जोर-बैठका काढल्या असं नाही, पदं वाढली. मोबाइलवरच्या दांड्या ही सिग्नलची स्ट्रेंग्थ. मुलाखतीत विचारतात ती ‘तुमची स्ट्रेंग्थ’ म्हणजे जमेची बाजू. आणि ‘ऑन द स्ट्रेंग्थ ऑफ’ म्हणजे नुसतं ‘च्या आधारे’. त्यात ताकद औषधालाही नाही.

आता हेच मराठीत म्हणून बघा. सिमेंटची मजबुती, गोळीची मात्रा, वर्गाचा पट, न्यायालयातली मंजूर पदं, सिग्नलची तीव्रता, माणसाची जमेची बाजू. सहा गोष्टी, सहा शब्द. पट म्हटल्यावर कोणी दंड फुगवून दाखवत नाही. मजकूर लिहिणाऱ्याच्या कसोटीवर, म्हणजे एका अर्थाला एक शब्द या कसोटीवर, इथे कोण उतरलं?

याच कुळातलं आणखी एक उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण त्यावर मुलं खरोखर आपटतात. ते म्हणजे ‘स्ट्राँग’ आम्ल. इंग्रजीत स्ट्राँग चहा म्हणजे ज्यात पावडर जास्त, पाणी कमी. त्याच चालीवर मूल समजतं की स्ट्राँग ॲसिड म्हणजे ज्यात आम्ल जास्त, पाणी कमी. रसायनशास्त्रात मात्र तसं अजिबात नाही. आम्ल पाण्यात गेल्यावर त्याचे रेणू किती प्रमाणात आयनांमध्ये, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांमध्ये, फुटतात, यावर तिथली स्ट्रेंग्थ ठरते. हायड्रोक्लोरिक आम्ल जवळजवळ पूर्ण फुटतं, म्हणून बादलीभर पाण्यात चार थेंब टाकले तरी ते स्ट्राँगच. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल थोडंच फुटतं, म्हणून ते अगदी निर्भेळ असलं, बाटली उघडताच नाक झोंबवणारं असलं, तरी वीकच. मराठी पाठ्यपुस्तकात यासाठी दोन वेगळ्या जोड्या आहेत: तीव्र-सौम्य आणि संहत-विरल. संहत पण सौम्य, तीव्र पण विरल, असं बिनधास्त म्हणता येतं. इंग्रजी पाठ्यपुस्तकातही ‘काँसन्ट्रेटेड’ आहे, नाही असं नाही. पण रोजच्या बोलण्यातला ‘स्ट्राँग’ आधीच मुलाच्या डोक्यात चहा उकळत बसलेला असतो. आपल्याकडे चहा ‘कडक’ असतो. कडक आम्ल कोणी म्हणत नाही, म्हणून ही गल्लत निदान त्या वाटेने तरी आत येत नाही.

‘स्ट्रेंग्थ वेगळी, प्रेशर वेगळं, सरळ हिशोब’

हा सरळ हिशोब आमच्या प्रयोगशाळेत येऊन बघावा. काँक्रीटचा ठोकळा, आम्ही त्याला क्यूबच म्हणतो, 15 सेंटिमीटर बाजूचा. 28 दिवस पाण्यात ठेवायचा, पुसून मशीनच्या दोन पाट्यांमध्ये बसवायचा आणि भार वाढवत न्यायचा. सुरुवातीला काहीच घडत नाही. मुलं मोबाइल काढून उभी राहतात. मग कडेचा एखादा टवका उडतो, केसासारखी चीर दिसते, बोदा आवाज येतो आणि काटा मागे फिरतो. समजा काटा 450 किलोन्यूटनपर्यंत गेला, म्हणजे सुमारे 46 टनांचं वजन. दरवर्षी कोणीतरी वहीत लिहितंच: ‘स्ट्रेंग्थ = 450’. ते चूक. तो भार. ठोकळ्याचं वरचं तोंड 22,500 चौरस मिलिमीटरचं. भागाकार केला की 20 येतात. 20 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. ही स्ट्रेंग्थ. साइटवरचं एम 20 काँक्रीट ते हेच.

आणि न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर म्हणजे काय? मेगापास्कल. म्हणजे प्रेशरचं एकक! टायरमधली हवा आणि काँक्रीटची मजबुती एकाच मापाने मोजतात. गाडीच्या टायरमध्ये 32 पौंडांची हवा असते, ती साधारण 0.22 मेगापास्कल, आपलं एम 20 काँक्रीट त्याच्या नव्वदपट. पण टायरमधला आकडा हवा आत्ता किती रेटते आहे ते सांगतो आणि काँक्रीटचा आकडा ते जास्तीत जास्त किती सोसेल ते सांगतो. एक चालू असलेली गोष्ट, दुसरी सोसण्याची मर्यादा. हा फरक ना ‘स्ट्रेंग्थ’ या शब्दात लिहिलेला आहे, ना ‘प्रेशर’मध्ये. तो शिकवावा लागतो, क्यूब फोडून दाखवावा लागतो. वहीत 450 लिहिणाऱ्यांमध्ये इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं मला कधी कमी दिसली नाहीत.

‘प्रेशर हा जन्मानेच विज्ञानाचा शब्द’

हे तर उलटं आहे. लॅटिनमधल्या ‘दाबणे’ या क्रियापदावरून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता क्लेश, मनावरचा भार. म्हणजे आपलं दडपणच! एकक क्षेत्रफळावरचं बल हा अर्थ त्याला चिकटला सतराव्या शतकाच्या मध्यावर, अडीचेकशे वर्षांनी.

ती कल्पना घडली तीही इंग्रजीत नव्हे. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो हे 1644 साली पत्रात लिहिणारा तोरिचेल्ली इटालियन. 19 सप्टेंबर 1648 रोजी फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचे मेहुणे पेरिए पाऱ्याची नळी घेऊन मध्य फ्रान्समधला प्वी द दोम हा डोंगर चढले आणि माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटिमीटर खाली आलेला दिसला, म्हणजे वर हवेचा दाब कमी. ही मंडळी इटालियन, फ्रेंच आणि लॅटिनमध्ये लिहीत होती. रॉबर्ट बॉइलचं इंग्रजी काम त्यानंतरचं.

‘दाब, दबाव, दडपण: नुसती खिचडी’

टायरमध्ये दाब असतो. मंत्र्यांवर दबाव असतो. परीक्षेचं दडपण असतं. अदलाबदल करून बघा: टायरमध्ये दडपण, परीक्षेचा रक्तदाब. हसू येतं ना? येतं, कारण आपल्याला फरक पक्का माहीत आहे. तिन्हींत भाव दाबण्याचाच, पण भाषेने त्यांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या. इंग्रजीत तिघंही एकाच खोलीत, एकाच नावाने राहतात, आणि कोण बोलतंय ते संदर्भावरून ओळखायचं. त्यात वाईट काही नाही. सगळ्या भाषा असंच करतात. पण मग ‘एक शब्द, एक अर्थ’ ही फुशारकी कशाला?

खरी खिचडी होते ती आपण ‘प्रेशर’ हा शब्द मराठीत वापरतो तेव्हा. ‘बाबांना प्रेशर आहे’ म्हणजे रक्तदाब वाढलेला आहे. (रक्तदाब प्रत्येकाला असतो; नसला तर प्रश्न वेगळाच.) ‘मला प्रेशर आलंय’ म्हणजे वाटेतून बाजूला व्हा. आणि ‘पाण्याला प्रेशर नाही’ म्हणजे... इथे थांबतो, कारण यावर आमच्या सोसायटीची एक अख्खी सभा खर्ची पडली आहे.

वरच्या मजल्यांवर नळाला पाणी कमी. एका सभासदाने ठराव मांडला: गच्चीवर दुप्पट मोठी टाकी बसवा, प्रेशर वाढेल. हे गृहस्थ आयुष्यभर इंग्रजीत शिकलेले आणि वर उल्लेखलेला मजकूर ग्रुपवर टाकणारेही तेच. मी म्हटलं, “अहो, दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, टाकीच्या पोटावर नाही. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. टाकी रुंद करा, लांब करा, काही फरक नाही. उचलून वर ठेवली तरच.” ते म्हणाले, “सर, पण पाणी जास्त म्हणजे वजन जास्त.” वजन जास्त, बरोबर; पण ते तेवढ्याच जास्त तळावर पसरतं. सभा चहापाण्यापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आले. चौथी नापास, हे त्यांचंच वाक्य. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातला नळ सोडला, करंगळीएवढी धार. मग तोंडाशी अंगठा घट्ट लावून म्हणाले, “सर, लावून बघा.” मी लावला. पाणी अंगठ्याला चांगलं रेटत होतं. “दाब आहे. वाट नाही.” नळाच्या तोंडाची जाळी त्यांनी फिरवून काढली, आत पांढरे क्षार आणि दोन-तीन बारीक खडे. सिंकवर आपटून, धुऊन परत लावली आणि धार पूर्ववत. टाकीपासून नळापर्यंतची उंची तीच, दाब तोच; अडलं होतं ते पाण्याचं वाहणं. वाहणं आणि दाब यांतला हा फरक त्यांनी दोन तोकड्या वाक्यांत सांगितला, तोही मराठीत.

‘नेमकेपणा इंग्रजीच्या रक्तातच आहे’

असता तर बरं झालं असतं. ज्याला आज एनर्जी म्हणतात त्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रज शास्त्रज्ञ बिनदिक्कत ‘फोर्स’ म्हणत. टॉमस यंगने 1807 सालीच ‘एनर्जी’ हा शब्द पुढे ठेवला होता, पण 1857 साली खुद्द फॅरडे ‘फोर्स’च्या अक्षय्यतेवर व्याख्यान देत होते. बल आणि ऊर्जा वेगळ्या हे नीट ठरेपर्यंत त्यांनाही झगडावं लागलं. अवशेष अजून आहेत. ‘इलेक्ट्रोमोटिव्ह फोर्स’ (बॅटरीसारखा स्रोत वीज किती रेट्याने ढकलतो ते) हा फोर्सच नाही; त्याचं माप न्यूटनमध्ये नसतं, व्होल्टमध्ये असतं. आपण ‘विद्युतचालक बल’ असं भाषांतर करून ती चूक इमानेइतबारे घरी आणली. जुन्या इंग्रजी तांत्रिक पुस्तकांत व्होल्टेजला ‘इलेक्ट्रिक प्रेशर’ म्हटलेलं सापडतं. आपली ‘उच्चदाब वाहिनी’ त्याच घराण्यातली.

म्हणजे नेमकेपणा हा शब्दांना वापरून वापरून आणलेला असतो. इंग्रजीने तो दोन-तीनशे वर्षांत आणला, आणि त्याबद्दल त्या लोकांना मानायलाच हवं.

एक गोष्ट मान्य

मजकुरात खरं काहीच नाही असं म्हणणार नाही. मराठी परिभाषेत काही शब्द असे आहेत की ते घडवणाऱ्यांनी एकदा वर्गात उच्चारून बघायला हवे होते. स्ट्रेस आणि स्ट्रेन ही जोडी घ्या. स्ट्रेस म्हणजे आतला प्रतिकार, दर चौरस मिलिमीटरला. स्ट्रेन म्हणजे मूळ लांबीच्या मानाने झालेला बदल. स्ट्रेसला ‘प्रतिबल’, हे ठीक. पण स्ट्रेनला ‘विकृती’! सळईची विकृती असं फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून खसखस पिकते, आणि पुढची पाच मिनिटं गेली. मी आता तिथे ‘स्ट्रेन’ लिहितो आणि तोंडाने सांगतो, “मीटरभर सळई एक मिलिमीटर ताणली गेली तर स्ट्रेन हजारात एक.” उत्तरपत्रिकेत कोणी ‘विकृती’ लिहिलं, कोणी ‘स्ट्रेन’, आणि एका पोरीने ‘ताणून वाढलेला हिस्सा’. तिघांनाही पूर्ण मार्क दिले.