मिस्त्रीच्या ‘लायसन’चे 4,500 रुपये भरू नका

माझा साळा दारव्ह्याकडे मिस्त्रीकाम करतो. परवा त्यानं एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, “भाऊजी, आजच भरा लागते म्हन्ते. भरू का?” संध्याकाळपर्यंत तोच मेसेज सेंट्रिंगवाल्यांच्या ग्रुपवर, मग आमच्या गावच्या ग्रुपवर. यवतमाळात नकाशे आणि एस्टिमेट करून माझं पोट भरतं, म्हणून सगळे मलाच विचारतात. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो.

मेसेज थोडक्यात असा: ‘1996 च्या कायद्यानुसार घर बांधणाऱ्या प्रत्येक मिस्त्री-ठेकेदाराला निवासी बांधकाम परवाना सक्तीचा. नसेल तर 50 हजार दंड. शिक्षणाची अट नाही. 4,500 रुपये भरा, कार्ड घरपोच. कार्डधारकाला गावातली घरकुलं थेट मिळतील, सरकारी टेंडर भरता येईल, मजुरांना 90 दिवसांचे दाखले देता येतील.’ वर राजमुद्रा, खाली कुणाच्या तरी खासगी खात्याचा क्यूआर कोड. खरं म्हणजे तो कोड पाहूनच विषय संपायला हवा होता.

महाराष्ट्रात खासगी माणसाचं घर बांधून देणाऱ्या ठेकेदारासाठी असा परवानाच नाही. बांधकामाची परवानगी घ्यायची ती घरमालकानं. नगरपरिषद, नगरपंचायतीच्या हद्दीत 2020 च्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे नकाशावर आर्किटेक्टची किंवा परवानाधारक अभियंत्याची सही लागते. पर्यवेक्षकाचंही लायसन असतं, पण त्याला शिक्षण आणि अनुभव दोन्ही दाखवावे लागतात. वीट रचणाऱ्याची आणि स्लॅब टाकणाऱ्याची परीक्षा कुणी घेत नाही. घ्यायला हवी, असं माझं मत आहे. आमच्या काळ्या मातीत पायाची फुटिंग मुरमापर्यंत न नेता वरच्यावर बसवलेली घरं दुसऱ्या पावसाळ्यात कशी भेगाळतात, ते पाहायला लांब जावं लागत नाही. पण परीक्षा असावी हे वेगळं आणि 4,500 रुपयांचं कार्ड वेगळं. घराच्या कामात लायसन खरंच लागतं ते वायरिंगवाल्याला. महावितरणचं कनेक्शन घेताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागतात.

1996 चा बांधकाम कामगारांचा कायदा मात्र खोटा नाही, एवढं मान्य करावं लागेल. 10 किंवा जास्त बांधकाम कामगार लावणाऱ्या आस्थापनेला नोंदणी लागते, हे त्या कायद्यानं आणलं. पण ती नोंदणी मालक म्हणून, मजुरांच्या सुरक्षेसाठी आणि कल्याणासाठी. तुम्हाला घर बांधता येतं याचं ते प्रमाणपत्र नव्हे. दोन लेबर आणि एक बिगारी घेऊन काम करणाऱ्या माझ्या साळ्याला त्यात ओढायचं कारण नाही.

आता घरकुलाचं. या एका ओळीवर मला खरा संताप आहे, कारण इथं नुकसान मिस्त्रीचं होऊन थांबत नाही. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या मार्गदर्शक सूचना उघडून पाहा. घरकुल लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं आहे, त्यात ठेकेदार आणायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. लाभार्थी म्हातारा, आजारी किंवा अपंग असेल तरी वाट ठेकेदाराकडे जात नाही. असं घर मिस्त्रींच्या प्रशिक्षण कार्यक्रमातलं काम म्हणून घ्यावं, अशी सोय त्याच सूचनांत आहे. मग ‘कार्डधारकाला थेट घरकुलं’ देणार कोण? ग्रामपंचायतीला तो अधिकारच नाही. मैदानी भागातले 1 लाख 20 हजार रुपये हप्त्याहप्त्यानं लाभार्थ्याच्याच खात्यात येतात, आणि प्रत्येक टप्प्याचा जागेवरचा फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही.

मिस्त्रीला मजुरी ठरवून काम देणं वेगळं, ते गावोगाव चालतं आणि त्यात गैर काही नाही. पण उद्या कुणी गळ्यात कार्ड अडकवून एखाद्या एकट्या बाईच्या दारात गेला, ‘घरकुल आता आमच्याकडेच आहे, पासबुक द्या’ म्हणाला, तर ती देईल. पहिला हप्ता त्याच्या खिशात, घर जोत्यावर अडकलेलं, आणि फोटो नाही म्हणून दुसरा हप्ता बंद. अपूर्ण घराची नोटीस येणार तीही तिच्याच नावानं. मेसेज बनवणाऱ्याला ही बाई दिसत नाही. पण पुढे पाठवणाऱ्या आपल्या माणसांना तरी दिसावी की नाही? अशी एकटी बाई प्रत्येक गावात आहे.

टेंडरचं थोडक्यात. सरकारी कामाला नोंदणी लागते, हे खरं. सार्वजनिक बांधकाम विभाग वर्गवारीप्रमाणे ती करतो आणि त्यासाठी ऐपतीचा दाखला, केलेल्या कामाचा अनुभव असली कागदं मागतो. मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांचे रस्ते वेगळे आहेत. घरपोच कार्डाचा रस्ता यात कुठंच नाही.

बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवायला मजुराला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो; तो द्यायला कार्ड लागत नाही. ज्याच्याकडे खरंच मजुरी केली, तो ठेकेदार दाखला देऊ शकतो. मेसेजमधला इशारा दाखले विकण्याकडे आहे, हे न कळण्याइतके आपण भोळे नाही. मंडळाकडून मिळणाऱ्या पेटी आणि भांड्यांच्या संचासाठी खोटे दाखले काढून झाले, आता ते देणाऱ्यांची फौज उभी करायची आहे वाटतं. उद्या तपासणी लागली तर कागदावर सही मिस्त्रीची असेल.

50 हजारांच्या दंडावर लिहायचं काय? परवानाच नाही तर दंड कशाचा!

साळ्याला व्यवसायाचा कागद हवाच असेल तर त्यानं उद्यम नोंदणी करावी. आधारवर होते, सरकारी पोर्टलवर फी शून्य आहे. आणि ज्यांनी 4,500 भरून टाकले, त्यांनी लाजत घरी बसू नये. 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा, व्यवहाराचा नंबर आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवावा. जितका उशीर, तितका तो पैसा पुढच्या खात्यांत पांगतो.