‘सोफा चालतो, मग चित्र का नाही?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

अमेरिकेत एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणारा, वेगळ्या परवानगीशिवाय काम करू न देणारा व्हिसा) असताना स्वतःची चित्रं विकण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “ताई, जुना सोफा विकला तर चालतो आणि स्वतःच्या हाताने काढलेलं चित्र विकलं की गुन्हा? घरबसल्या बायकांना घाबरवायचा उद्योग बंद करा.” पुढे आणखी बरंच आहे. त्यात माझ्या नवऱ्याच्या पगाराचाही उद्धार झालाय.

मतभेद असू द्या हो, पण ही काय बोलायची रीत? मी जे.जे.तून पेंटिंग शिकून न्यू जर्सीतल्या एडिसनला आले. वर्क परमिट, म्हणजे ईएडी, हातात पडेपर्यंत मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात चित्रं मांडायचे, लोक किंमत विचारायचे आणि मी “विकायची नाहीत” म्हणायचे. एका काकूंनी तर मला शिष्ट ठरवून टाकलं. बाजारात मागणी, हातात कला आणि तरी गप्प बसायचं, हे ज्यांनी सोसलंय त्यांना तुम्ही, तेही टोपणनावामागून, भित्रट म्हणता. कमाल आहे.

माझ्या लेखाचं शीर्षक भडक होतं, हे मान्य. बदललंय. पण ‘गुन्हा’ हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही, तो तुमच्या पदरचा. परवानगीशिवाय काम करणं हा व्हिसाच्या अटींचा भंग आहे, एवढंच मी लिहिलं होतं. त्यासाठी दारात पोलीस येत नाहीत. प्रश्न येतो तो नंतर, ग्रीन कार्डाच्या आय-४८५ अर्जात: अमेरिकेत कधी परवानगीशिवाय काम केलंय का? तिथे “नाही” लिहून खाली सही करायची असते.

आता तुमचा सोफा. तो तुम्ही बसायला घेतला, जुना झाला, विकलात. त्यात तुम्ही कुणासाठी काही काम केलं नाही. मी गिऱ्हाइकाच्या मापाचा, त्याला हव्या त्या रंगातला गणपती रंगवून देते तेव्हा विकते ती माझी मेहनत, आणि व्हिसा अडवतो तो नेमका तिलाच. भिंतीवरचं जुनं चित्र घर बदलताना एखाद्या मैत्रिणीने पैसे देऊन नेलं, तर तिथे वाद होऊ शकतो, हेही मी प्रांजळपणे सांगते. पण तुम्ही ज्यांची बाजू घेताय त्या काय एकच चित्र विकतायत? इन्स्टाग्रामवर दरपत्रक, “ऑर्डरसाठी मेसेज करा”, राखीला सवलत. हा सोफा नव्हे, हे फर्निचरचं दुकान झालं!

“मग दुकान नवऱ्याच्या नावावर काढा” हे तुमचंच पुढचं वाक्य. अहो, तो एच-१बीवर असला तर त्याला काम करायची मुभा फक्त ज्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज केलाय तिच्याकडे. बायकोची चित्रं विकायला तो बसला तर तो स्वतःही गोत्यात, आणि त्याच्यावरच तुमचा एच-४ टांगलेला. हा सल्ला माझ्या एका परिचितांनी मलाही दिला होता, अगदी तुमच्याइतक्याच ठणठणीत आत्मविश्वासाने. वकिलीणबाईंनी दोन मिनिटांत निकालात काढला.

पैसे पुण्याच्या खात्यात घेतले तरी काम इथे, या जमिनीवर बसून केलेलं असतं. शिवाय एनआरआय झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यायचं असतं, तेही बहुतेकांनी केलेलं नसतं. आयटीआयएन (अमेरिकेचा करदाता क्रमांक) काढून कर भरला की सगळं पांढरं होतं, हा आणखी एक लाडका गैरसमज. तो क्रमांक कर भरायला आहे, कामाची परवानगी नव्हे. कर तर भरायलाच हवा, पण त्याने परवानगी मिळत नाही.

वाट आहे, आणि ती मूळ लेखातही होती, वाचली असतीत तर. २६ मे २०१५ पासून काही एच-४धारकांना ईएडी मिळतं. मुख्य अट अशी की जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज) मंजूर झालेला हवा, किंवा त्याचा एच-१बी ‘एसी२१’ या अमेरिकी कायद्याखाली सहा वर्षांपुढे वाढलेला हवा. ईएडीवर स्वतःचा धंदाही चालतो. मी तेच केलं. कार्ड आलं, न्यू जर्सीकडे व्यवसायाची नोंदणी केली, आणि आता इथे विकलेल्या चित्रावर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स निमूट भरते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या अर्जात शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरचा एकूण १८० दिवसांपर्यंतचा भंग इमिग्रेशन कायद्याचं कलम २४५(के) पोटात घालू शकतं, हेही खरं. पण वर्षभर उघड्या असलेल्या ऑनलाइन दुकानाचे दिवस कसे मोजायचे, ते तुमच्या वकिलाला विचारा, मला नको.

“सगळेच विकतात”, “एट्सीवाले (हस्तकलेच्या वस्तूंची ऑनलाइन बाजारपेठ) काही विचारत नाहीत”, “तुम्ही स्पर्धेला घाबरता” या मुद्द्यांना उत्तर देण्यात मला रस नाही.

तुमची दुसरी प्रतिक्रिया मी प्रसिद्ध केलेली नाही. “या बघा, बिनधास्त विकतात” म्हणून तुम्ही त्यात एका बाईंचं पूर्ण नाव आणि त्यांच्या दुकानाची लिंक दिली आहे, व्हिसाच्या प्रकारासकट. ते तिन्ही काढून पाठवा, लगेच प्रसिद्ध करते.